गर्दीत मावणारं नाव

२२ डिसेंबर १९७४, रविवार

आणखी एक राहुल!

शेजारच्या मालनबाईच्या नातवाचं बारसं होतं. नाव पुकारलं तेव्हा माझ्या तोंडात घुगऱ्या होत्या, ठसकाच लागला. माझ्या बालवाडीत तीन राहुल आधीच आहेत. विहाराच्या पडवीत चटईवर बसतात. 'राहुल, इकडं ये' म्हटलं की तिघं येतात, 'तू नाही रे' म्हटलं की तिघंही तोंड पाडून परत जातात. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शेंबडा राहुल, थोरला राहुल आणि चावरा राहुल अशी नावं पाडली आहेत. त्यांच्या आयांना कळलं तर माझी बालवाडी बंद. शिवाय सुजाता दोन, गौतम दोन. सिद्धार्थ एकच आहे, पण तो रोज येत नाही.

निघताना मालनबाईनं माझ्या पोटाकडं बघितलं. "तुमचं काय ठरलं, बाई? आठवा लागला की."

"काहीच नाही," म्हणाले.

खोटं. एक नाव केव्हाचं ठरलंय. कुणाला सांगितलेलं नाही.

२३ डिसेंबर

नाव अजून इथंही लिहीत नाही. दुपारी लेकरं निजली की मी पडवीच्या खांबाला टेकते, डोळे मिटते आणि ते नाव जिभेवर ठेवून बघते. गोळीसारखं. चावायचं नाही, विरघळू द्यायचं. मग ते नाव चालायला लागतं. आधी रांगतं, मग झबलं जाऊन फ्रॉक येतो, मग दोन वेण्या. आज तर पाटी घेऊन माझ्याच चटईवर येऊन बसलं. चावऱ्या राहुलनं तिला चिमटा काढला. तिनंही उलटा काढला.

डोळे उघडले तर मदतनीस रूपाबाई समोर उभी. "बाई, झोपंत हासून राहिल्या तुमी."

२७ डिसेंबर

हे आज घरी होते. एस.टी.त कंडक्टर आहेत. हप्त्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर — संध्याकाळी वसमतहून डोंगरकड्याला जायचं, तिथंच गाडीत झोपायचं, सकाळची पहिली फेरी घेऊन यायचं. डोंगरकडा माझं माहेर. बायको सासरी आणि जावई मुक्कामाला माहेरी, अशी आमची थट्टा होते.

ह्यांनी आपल्या मनातली नावं सांगितली. मुलगा झाला तर राहुल, मुलगी झाली तर सुजाता. मी म्हटलं, गल्लीत सगळी तीच तर आहेत. "म्हणूनच," म्हणाले.

ह्यांचं नाव मी कधी लिहीत नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून नव्हे, तेवढी मी जुनी नाही. त्यांनाच ते आवडत नाही म्हणून. आज एकदाच लिहिते — कचरू. त्यांच्या आईनं ठेवलेलं. ह्यांच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं. नेणाऱ्याला वाटावं, हा कचरा, कशाला न्यायचा. लेकरू जगलं, नाव चिकटलं. डेपोत के. बी. म्हणतात. पण एकदा एका साहेबानं भरल्या गाडीत पूर्ण नावानं हाक मारली आणि अख्खी गाडी हसली. हे त्यांनी मला लग्नानंतर वर्षभरानं सांगितलं.

"माह्या लेकराला गर्दीत मावणारं नाव पाहिजे," म्हणाले. "पन्नास राहुल असले तर कोण कोणाला हासंल? आपल्या आज्या-पणज्याला चांगलं नाव ठेवायची चोरी व्हती. पाटलाच्या पोराचं नाव आपल्या पोराला ठेवलं की बोलावणं यायचं. आता दर घरात राहुल हाय, तर तुला कंटाळा येऊन राहिला व्हय?"

लाज वाटली थोडी. नाव मात्र मनातून हललं नाही.

२८ डिसेंबर

उत्तर आज सुचलं, तर हे मुक्कामी गेलेले!

डोंगरकड्याच्या शाळेत आम्ही चार शांता होतो. थोरली शांता, गोरी शांता, कुलकर्ण्यांची शांता, आणि चौथी मी — पलीकडची शांता. पलीकडची म्हणजे कुठली ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. माझंही गर्दीतलंच नाव होतं की. मास्तरांनी बरोबर वेगळं काढलं.

मग असं नाव का नको, ज्याला मागं-पुढं काही जोडावं लागणार नाही? एकटंच पुरेल असं.

१ जानेवारी १९७५

नवीन वर्ष आहे, लिहून टाकते.

कयाधू.

मॅट्रिकच्या परीक्षेला बाबा मला हिंगोलीला घेऊन गेले होते. शेवटचा पेपर झाला, गाडीला वेळ होता, म्हणून नदीवर जाऊन बसलो. उन्हाळ्याचं तोंड. पाणी थोडंच, पण वाहतं. पलीकडं म्हशी डुंबत होत्या. बाबांनी फडक्यातली भाकर सोडली. माझी आई मी लहान असतानाच गेली. भाकर बाबांनीच पहाटे थापलेली, जाड, आणि एका कडेला करपलेली. मी पाण्यात पाय सोडून बसले. तिथं कुणाला माहीत नव्हतं मी कुठली शांता. "पास व्हशील ना?" बाबांनी विचारलं. "होईन," मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला माझाच आवाज आवडला. तसा पुन्हा आवडला नाही. पुढचे दिवस वाईट गेले असं नाही. पण ती संध्याकाळ ती संध्याकाळच.

मुलगी झाली तर तिला हाक मारताना दर वेळी माझे पाय त्या पाण्यात असतील.

(मुलगीच होणार. मला माहीत आहे. कसं, ते विचारू नये.)

५ जानेवारी, रविवार

सांगितलं. जेवताना. ह्यांना आणि मायला, दोघांना एकदमच.

हे आधी हसले. "कयाधू? हिंगोली उतरणार का? फुल का हाफ?" मग घास हातात धरून म्हणाले, "पुराणातल्या राक्षसाच्या राणीचं नाव हाय ते. विहारात काय सांगू लोकायला?" मी म्हटलं, राणी पुराणातली असेल, नदी आपल्याच जिल्ह्यातली आहे. ती कुणाला जात-धर्म विचारून पाणी देत नाही. ह्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे अर्धा होकार असतो.

माय म्हणजे ह्यांची आई, भागूबाई. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "मला तुमी-बिमी म्हनू नको. तुला माय न्हाई, मला लेक न्हाई." तेव्हापासून आम्ही अगं-तुगंवर आहोत आणि गल्लीतल्या बाकीच्या सासवांना ते बघवत नाही. तीच माय आज ताटावरून उठली. पाठ करून भांडी घासता घासता म्हणाली, "नदीचं नाव ठेवू न्हाई. नदी थांबती का कुठं?"

आणि थोड्या वेळानं, "धोंडी म्हना. धोंडा कोनी उचलून नेत न्हाई."

ह्यांनी ताट सरकवलं. "माय, एक कचरू पुरे झाला या घरात."

"जगला ना कचरू?" माय म्हणाली.

हे तर जिवंत बसले होते समोर.

९ जानेवारी

माय हळद काढायला जाते सध्या. परत येते ती पायांनी मातकट आणि नखांत पिवळी. घरभर कच्च्या हळदीचा वास. माझं सगळं बघते — कारळाची चटणी करून ठेवते, पाण्याचा हंडा उचलू देत नाही, रात्री तळपाय चोळून देते. पण नावाचा विषय निघाला की तिला नळावर काहीतरी काम निघतं.

पूर्वी अशी नव्हती. विहारात भंतेजी आले की ही पुढं जाऊन बसायची. देव काढून टाकले तेव्हा सगळ्यांत आधी हिनं टाकले म्हणे. आणि आता धोंडी! मी रागानं विचार करते, मग तिच्या पिवळ्या नखांकडं लक्ष जातं आणि राग विसरते.

१२ जानेवारी

हे लिहायचं नव्हतं.

हे माझं दुसरं बाळंतपण. पहिली मुलगी झाली ती दुष्काळात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. टँकरचं पाणी, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, दूध औषधालाही नाही. नाजूक होती. मला बाळंतपणातच ताप भरला, मी नुसती पडून. मग तिलाही ताप आला. बारशाच्या आधीच गेली.

बारसं झालं नाही म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून तिच्याविषयी बोलताच येत नाही. काय म्हणून बोलायचं? आमच्या घरात 'त्या टायमाला' एवढंच म्हणतात. मी तिला नीट बघितलंही नाही. चेहरा आठवायला जाते आणि कुठल्यातरी दुसऱ्याच लेकराचा आठवतो. पण त्याहून एक गोष्ट जास्त जाळते. ती जगात आली आणि कुणी एकदाही हाक न मारता गेली.

म्हणून ही घाई. म्हणून नाव आधीच. आता पोटात आहे तोवरच मी हिला रोज हाक मारते. काही झालं तरी ही बिनहाकेची जाणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

हे मुक्कामाहून बोरं घेऊन आले. बाबांनी पाठवलेली. ओसरीवर बसून खाता खाता ह्यांना चार शांतांची गोष्ट सांगितली. ते अंगणात बिया फेकत राहिले.

"पलीकडची शांता," म्हणाले. "हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही तरी गाडीतली गोष्ट वर्षानं सांगितली."

मग तह झाला. मुलगा झाला तर राहुल, मी तोंड उघडायचं नाही. मुलगी झाली तर नाव माझं.

"आणि मायचं?" मी विचारलं.

"मायचं मी बघतो." म्हणजे कुणीच बघणार नाही.

२५ जानेवारी

बोरं संपली. स्वप्नात मी हिंगोलीच्या पुलावरून हाक मारत होते आणि खालून नदी 'ओ' देत होती. उठले तेव्हा बाळ पाय झाडत होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

बालवाडी आता रूपाबाई बघते. मी दिवसभर अंगणात. गावाबाहेर हळद शिजवायला लागले आहेत. कढयांचा धूर वाऱ्यावर इकडं येतो, उन्हाला सुद्धा तो वास लागल्यासारखा वाटतो. बसल्या बसल्या डोळा लागतो. मध्येच जाग येते तेव्हा सकाळ की संध्याकाळ कळत नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटत नाही. ह्या दिवसांत कुणी मला काही विचारू नये. नुसतं असं पिवळ्या उन्हात ठेवून द्यावं.

बालवाडीतली धाकटी सुजाता आज मला बघायला आली होती. "बाई, बाळाचं नाव काय?"

"बाळ अजून आलं नाही गं."

"पन नाव काय?"

तिच्या कानात सांगितलं. तिनं विचार केला. "दुसऱ्या कोनाचं न्हाई हे नाव?"

"नाही."

"मंग हाक मारली की तिला एकटीलाच जावं लागंल?"

हसले मी. पण ती गेल्यावर ते डोक्यातून जाईना. तिला कुणी बोलावलं की दुसरी सुजाता सोबतीला येते. माझी एकटीच जाईल. मी शहाणपणाच्या भरात पोरीला एकटी तर पाडत नाही?

१० फेब्रुवारी

काल दुपारी, दवाखान्यात. मुलगी. लगेच रडली, मोठ्यानं. बाकी मग.

१३ फेब्रुवारी

घरी आलो. बाळ चांगलं आहे. मुठीत माझं बोट सापडलं की सोडत नाही. डोळे उघडते, कुठंतरी लांब बघते, मिटते. दोघी दिवसभर तेच करतो.

हे डेपोत पेढे वाटून आले. सगळ्यांना नाव सांगितलं म्हणे. "काय म्हणाले?" मी विचारलं. "ड्रायव्हर मोहनसिंग म्हणाला, नाम तो अच्छा है, लेकिन बारिश में संभालना." स्वतःच हसले. खूश आहेत.

माय बाळाला न्हाऊ घालते, तेल लावते, शेक देते. हात तिचेच, मऊ. पण न्हाऊ घालताना तोंडातून शब्द काढत नाही. मालनबाई आपल्या नातवाला न्हाऊ घालते तेव्हा तिचं लाडाचं बोलणं गल्लीभर ऐकू येतं. आमच्या न्हाणीतून नुसता पाण्याचा आवाज.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण झालं. आमचं पहिलंच.

माय बाळाला माझ्याजवळ ठेवत म्हणाली, "घे तुही धोंडी."

"धोंडी नाही," मी म्हणाले. "तिला नाव आहे."

"वरीसभर तरी म्हन. तुह्या पाया पडते."

"नावानं काही होत नाही, माय."

"व्हतं. मला म्हाईत हाय."

आणि मग माझ्या तोंडून गेलं. "मग पहिलीला काय झालं? तिला तर कुठलंच नाव नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही. तिला कशानं नेलं, सांग."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी तिला मारलं असतं तरी तिनं तसं बघितलं नसतं. ती उठली आणि मागच्या दारात जाऊन बसली. जेवली नाही. हे मुक्कामी आहेत. मी बाळाला घेऊन पडले आहे आणि मला फार वाईट वाटतं आहे. तरी बोलले ते खोटं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

दुपार. आत्ताच घडलं, लगेच लिहिते.

माय आज कामाला गेली नाही. गल्ली सामसूम झाली तशी येऊन माझ्या बाजेच्या पायथ्याशी बसली. बाळाकडं न बघता म्हणाली, "नाव व्हतं तिला."

मला आधी कळलंच नाही कोणाला.

"तू तापात पडून राह्यची. म्या न्हाऊ घालायची तिला, मागं न्हाणीत. पायावर घ्यायची, कोनी न्हाई असं बघायची, आन् म्हनायची — सुजाता. ए सुजाता. बारसं झालेलं न्हाई, काई न्हाई, आन् म्या आदीच नाव उघडं केलं. तेबी एवढं सोन्यावानी. कचरूच्या टायमाला एवढं जपलं, आन् नातीच्या टायमाला जीभ आवरली न्हाई. नदर लागली तिला. माहीच."

मी विचारलं, सुजाताच का?

"भंतेजीनं सांगितलं व्हतं ना, सुजातानं बुद्धाला खीर दिली म्हनून. त्या साली घरात दूध डोळ्याला दिसंना. म्हनलं, ही मोठी झाली की हिच्या हातची खीर खाईन." पदरानं नाक पुसलं. "तुला कोन्या तोंडानं सांगू? तुही लेक म्या नाव घेऊन घेऊन घालवली."

दोन वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती. आमच्याजवळ जेवत होती, माझे पाय चोळत होती, आणि हे घेऊन बसली होती.

मी म्हटलं, माय, तिला ताप होता. पाणी कसलं येत होतं टँकरचं, आठव. मलाही ताप होता, मला कुठं कुणी हाक मारत होतं? हाकेनं लेकरू मरत नाही गं. ती मान हलवत राहिली. पटलं की नाही, ठाऊक नाही.

मग मी विचारलं, "नाव घेतलं की ती बघायची का तुझ्याकडं?"

"बघायची की. मान वळवायची. आता एवढूश्या लेकराला काय समजतंय — पन वळवायची."

मी फार रडले. मायला वाटलं, तिच्यावर रागावून. तसं नव्हतं. तिला हाक मारणारं कुणीतरी होतं! रोज. आणि ती मान वळवत होती. मी दोन वर्षं उलटंच धरून बसले होते. आणि ज्या नावाला मी नाकं मुरडत होते, रोज पडवीत कंटाळून पुकारत होते, ते माझ्याच मुलीचं नाव होतं.

१९ फेब्रुवारी

हे आले. मीच सांगितलं. मायची हिंमत नव्हती.

ऐकून अंगणात गेले. बराच वेळ तोंड धूत होते. परत आले, मायच्या शेजारी जमिनीवर बसले. मायनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे माही थोरली सुजाता व्हती." एखाद्याला अचानक आपली जमीन दाखवावी तसा चेहरा झाला होता.

२० फेब्रुवारी

उद्या बारसं. ह्यांना बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगायचं काम आजीचं. मायचं.

मी रात्रभर विचार केला होता. सकाळी तिला म्हटलं, "माय, उद्या धोंडी सांग. तुला भीती वाटते तोवर आपण धोंडीच म्हणू. वर्षभर, दोन वर्षं, कितीही."

हे म्हणाले, "आन् आपला तह?"

"तह तुमच्याशी होता. हे हिचं आणि माझं आहे."

मी म्हणायला म्हणाले. पण कयाधू हे नाव मी इतके दिवस जिभेवर ठेवलं होतं, ते आता गिळलं. दुपारी बाळाला पाजताना सवयीनं ओठांवर आलं. मी तोंड मिटलं. जड गेलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं बारसं.

विहारातून मंडळी आली. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. पाळणा मालनबाईचाच, झिरमिळ्या सुद्धा तिच्याच. गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या. माय वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तशीच राहिली. मला तिची पाठ दिसत होती, नवं लुगडं, आणि पाळण्याची दोरी धरलेला हात. बाया वाट बघत होत्या. कुणीतरी पाठीवर थापट्या मारायला हात उगारलेला तसाच.

"भागूबाई, सांगा की आता," मालनबाई म्हणाली.

माय सरळ झाली. चेहरा घामानं भिजला होता.

"कयाधू," म्हणाली.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. "लई येगळंच नाव," एकजण म्हणाली. माय तिच्याकडं वळली. "नदीचं हाय. हिंगोलीला हाय नदी. ह्या पोरीची माय तिथं मॅट्रिकला बसली व्हती." आवाज असा की जणू नाव तिनंच शोधलं.

घुगऱ्या वाटून झाल्या, सगळ्या गेल्या, तेव्हा मी विचारलं. धोंडी म्हणायचं ठरलं होतं ना?

"तेच म्हनायला वाकले व्हते," माय म्हणाली. "तिनं डोळे उघडले, बघितलं माह्याकडं. मंग तिला धोंडी म्हनू वाटंना." आणि भांडी घासायला गेली.

भीती गेलेली नाही तिची. दुपारी दोनदा येऊन बाळाच्या नाकाशी बोट धरून गेली. मीही, खरं सांगायचं तर, तीनदा धरलं.

२ मार्च, रविवार

सकाळी माय बाळाला पायांवर घेऊन न्हाणीत बसली होती. बोलत होती, मालनबाईच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "पाय नको झाडू, कयाधू. तुही आक्काबी असेच झाडायची. सुजाता. तिलाबी पानी लई आवडायचं."

मी आतून विचारलं, "केस कसे होते गं तिचे?"

"तिचे ज्यादा व्हते," माय म्हणाली. "पार कानावर येऊन राह्यले व्हते."